समुद्रतळावरचा नळ आणि किनाऱ्याचा हक्क

जमिनीतून तेलाची किंवा वायूची नळवाहिनी न्यायची असेल, तर ज्यांच्या शेतातून ती जाणार त्यांना नोटीस द्यावी लागते, कायद्याने तो हक्क मिळवावा लागतो आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. हीच नळवाहिनी समुद्राच्या तळावरून जाणार असेल तर विचारायचे कोणाला? तेथे बांध नाही, सातबाराचा उतारा तर नाहीच नाही. तरीही विचारावे लागते. कोणाला आणि किती, हे मात्र किनाऱ्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असते.

किनाऱ्याजवळच्या पाण्यावर त्या देशाची सत्ता असावी ही कल्पना जुनी आहे. किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जेथवर पोहोचेल तेथवर सत्ता, असे एके काळी मानीत आणि पुढे ३ सागरी मैलांची मर्यादा बऱ्याच देशांत रूढ झाली. (पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तोफेचे माप पसंत पडू नये. गोळ्याचा पल्ला तोफेच्या कोनावर आणि गोळ्याच्या वेगावर ठरतो. त्याला देशाची सीमा कशी म्हणावी?) आजची मापे संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात दिलेली आहेत. हा करार १६ नोव्हेंबर १९९४ रोजी अमलात आला व भारताने त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली.

एक सागरी मैल म्हणजे १.८५२ कि. मी. ओहोटीच्या रेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ कि. मी. पर्यंतचा पट्टा हा प्रादेशिक समुद्र. येथे पाणी, तळ आणि वरचे आकाशसुद्धा किनारी देशाचे. परदेशी जहाजाला येथून निरुपद्रवीपणे जाता येते, पण नळ टाकायला ही सवलत नाही. किनारी देश सरळ 'नाही' म्हणू शकतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० कि. मी. पर्यंत, गोष्ट बदलते. तेथील मासे, तळाखालचे तेल, वायू, खनिजे यांवर किनारी देशाचाच हक्क असतो, पण तो तळ त्याच्या मालकीचा नसतो. समजा, एखाद्या बागेतील आंबे काढण्याचा हक्क फक्त तुम्हाला दिला, पण बागेतून जाणारी पायवाट बंद करण्याचा हक्क दिला नाही. तसाच काहीसा हा प्रकार आहे.

म्हणूनच कराराच्या ७९ व्या कलमात म्हटले आहे की किनारी देशाच्या सागरमग्न खंडभूमीवर (भूगोलात तुम्ही हिला समुद्रबूड जमीन म्हणता) तारा आणि नळ टाकण्याचा हक्क सर्व देशांना आहे. किनारी देशाने त्यांना अडवू नये. मात्र आपले तेल शोधण्यासाठी व काढण्यासाठी, तसेच नळातून होणारे प्रदूषण टाळण्यासाठी वाजवी उपाय योजण्याची त्याला मोकळीक आहे. आणि नळ कोणत्या मार्गाने न्यायचा याला त्याची संमती लागते.

येथे एक बारकावा आहे. प्रदूषणाची अट आणि मार्गाला संमतीची अट या दोन्ही नळांसाठी आहेत, संदेशवाहक तारांसाठी नाहीत. तार तुटली तर संदेश थांबतो, पाणी घाण होत नाही. नळाचे तसे नाही. तो किती अवाढव्य असतो, हे एका उदाहरणाने पाहू.

रशियातील व्हायबोर्गपासून जर्मनीतील लुबमिनपर्यंत बाल्टिक समुद्राच्या तळावरून 'नॉर्ड स्ट्रीम' ही वायूची दुहेरी नळवाहिनी २०११-१२ मध्ये सुरू झाली. लांबी १,२२४ कि. मी. नळाचा आतील व्यास १,१५३ मि. मी., पोलादाची जाडी २७ ते ४१ मि. मी. आणि सुरुवातीचा दाब वातावरणाच्या सुमारे २२० पट. आता आर्किमिडीजला बोलावू. पोलाद २७ मि. मी. जाड धरले, तर १ मीटर लांबीचा नळ सुमारे १.१४ घनमीटर पाणी बाजूला सारतो; त्याचे वस्तुमान साधारण १,१५० कि. ग्रॅ. तेवढ्याच लांबीच्या पोलादाचे वस्तुमान मात्र ७८५ कि. ग्रॅ.च्या आसपास भरते. म्हणजे पोलादाचा हा जाडजूड रिकामा नळ चक्क तरंगेल! म्हणून त्यावर ६० ते ११० मि. मी. जाडीचे जड काँक्रीट चढवितात. त्यामुळे सुमारे १२ मीटरचा एकेक तुकडा २४ टनांपर्यंत जातो आणि तळाशी मुकाट बसतो. असा नळ एकदा टाकला की तो सहज हलविता येत नाही. शेजारच्या देशाला मार्गाबद्दल आधी बोलू दिले आहे ते याचमुळे, आणि मला ते योग्य वाटते.

पण मार्गाला संमती न देता नळच अडवून धरला तर? हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. त्याच समुद्रात 'नॉर्ड स्ट्रीम २' ही आणखी एक दुहेरी नळवाहिनी टाकायची होती. वाटेत डेन्मार्कचे बॉर्नहोम बेट लागते. कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये केलेल्या अर्जातील मार्ग बेटाजवळच्या प्रादेशिक समुद्रातून जात होता. त्याच वर्षी डेन्मार्कने कायदा केला की परराष्ट्र धोरण किंवा सुरक्षितता यांना बाधा येत असेल, तर प्रादेशिक समुद्रातील नळ नाकारता येईल. तसे करण्याचा त्या देशाला पूर्ण अधिकार होता. मग कंपनीने १२ मैलांच्या बाहेरून जाणारे दोन मार्ग सुचविले, एक बेटाच्या वायव्येकडून व दुसरा आग्नेयेकडून, आणि पहिला अर्ज मागे घेतला. ३० ऑक्टोबर २०१९ रोजी डेन्मार्कच्या ऊर्जा खात्याने आग्नेयेकडील १४७ कि. मी. च्या मार्गाला परवाना दिला व सांगितले की करारानुसार असा नळ जाऊ देणे आपल्यावर बंधनकारक आहे. नळ तोच, देश तोच, विरोधही तोच. रेषेच्या आत 'नाही' म्हणता आले असते, रेषेच्या बाहेर ते म्हणता आले नाही. अडीच वर्षे मात्र गेली.

आपल्या मुंबई हायची गोष्ट निराळी. मुंबईपासून सुमारे १६० कि. मी. वरचे हे क्षेत्र १२ मैलांच्या कितीतरी बाहेर आहे, पण तेथील तेल आपल्या खंडभूमीतले आणि ते उरणला आणणारे नळही आपलेच. दुसऱ्या कोणाला विचारायचा प्रश्नच नाही. तेथे तेल निघू लागले ते १९७६ साल, आणि १२ व २०० मैलांच्या मर्यादा घालणारा भारताचा कायदाही त्याच सालचा.

आतापर्यंत नळ टाकण्याचे पाहिले. तो कोणी फोडला तर? २६ सप्टेंबर २०२२ रोजी बॉर्नहोमजवळ स्फोट होऊन नॉर्ड स्ट्रीमच्या चारपैकी तीन नळ्या फुटल्या. स्फोटांचे धक्के भूकंपमापकांवर उमटले. ठिकाणे डेन्मार्क व स्वीडनच्या आर्थिक क्षेत्रांत, पण प्रादेशिक समुद्राबाहेर होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वीडनने तपास थांबविला, कारण हा गुन्हा आपल्या न्यायकक्षेत येत नाही असा निष्कर्ष निघाला. त्याच महिन्यात डेन्मार्कनेही आपला तपास बंद केला. जर्मनीचा तपास चालू राहिला.

कराराच्या ११३ व्या कलमाप्रमाणे प्रादेशिक समुद्राबाहेर जहाजाने नळ किंवा तार तोडली, तर शिक्षेची तरतूद जहाजावर ज्या देशाचा ध्वज आहे त्याने करायची असते. जोडीला ११५ वे कलम सांगते की नळ वाचविण्यासाठी एखाद्याने आपले जाळे किंवा नांगर सोडून दिला आणि त्याची स्वतःची चूक नसेल, तर त्याची भरपाई नळाच्या मालकाने द्यावी. मच्छीमारांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड व एस्टोनिया यांना जोडणारी वायुवाहिनी एका जहाजाच्या नांगराने फाटली. ध्वज हाँगकाँगचा होता, म्हणून कप्तानावर खटला उभा राहिला तो २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये. डिसेंबर २०२४ मध्ये कुक बेटांचा ध्वज लावलेल्या 'ईगल एस' या तेलवाहू जहाजाने नांगर फरफटत नेऊन त्याच आखातातील विजेची व संदेशांची तार तोडल्याचा आरोप झाला. या वेळी फिनलंडने जहाज आपल्या पाण्यात आणून ताब्यात घेतले आणि अधिकाऱ्यांवर स्वतःच खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने तो फेटाळला. तारा १२ मैलांच्या बाहेर तुटल्या होत्या. तेथे फिनलंडच्या न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असे त्याने सांगितले.