वणव्यानंतरचे घर

श्रोतेहो, फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लागला की आपली नजर एकाच गोष्टीवर असते : आग गावाकडे उतरते आहे का? पण आगीच्या आधी दुसरेच काही गावात पोहोचते. ते कळावे म्हणून दूरच्या एका गावाची हकीगत सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वताच्या उतरणीवर पॅरडाइज नावाचे गाव आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे वणवा शिरला. त्या वणव्यात ८५ माणसे दगावली, अठरा हजारांवर इमारती खाक झाल्या. लोक परतले, घरे पुन्हा उभी राहू लागली. मग प्रश्न आला, घर बांधायचे ते कसे?

तुम्ही म्हणाल, ज्वाळाच अंगावर आल्या तर कोण काय करणार? पण गंमत अशी, की कितीतरी ठिकाणी घराची राख झाली होती आणि शेजारचे झाड हिरवे उभे होते! घरे पेटवली ती वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. पन्हळीतला पालापाचोळा, ओट्याखालची लाकडे, माळ्याचा झरोका, एवढी जागा त्यांना पुरते.

म्हणून छप्पर पत्र्याचे किंवा कौलांचे करावे. कौलांच्या कडेची पोकळी बुजवावी. झरोक्यांना तीन मिलिमीटरांहून लहान डोळ्यांची तारेची जाळी ठोकावी. घराभोवती पाच फूट नुसती खडी किंवा फरशी. तेथे झुडूप नको, सरपण नको. पुढे तीस फुटांपर्यंत वाळके गवत ठेवू नये, शंभर फुटांपर्यंत झाडी विरळ करावी. आग चढणीवर झपाट्याने धावते, तेव्हा घर कड्याच्या काठापासून मागे घ्यावे.

आणि पाऊस विसरू नका, बरं का! जळलेल्या उतारावर मुळांची पकड सुटते, मातीही पाणी शोषेनाशी होते. त्याच राज्यात माँटेसिटो येथे डिसेंबर २०१७ च्या वणव्यानंतर महिन्याभरातच, जानेवारी २०१८ मध्ये, चिखलाचा लोंढा आला आणि २३ माणसांचा बळी गेला. नाल्याच्या तोंडाशी घर नको ते यासाठी.

पॅरडाइजमध्ये पाहणी झाली. १९९७ पूर्वीच्या घरांपैकी शेकडा ११-१२ वाचली, नंतरच्यांपैकी शेकडा ३८. मग बाकीची नवी घरे का गेली? एक मोठे कारण म्हणजे शेजारचे जळते घर. एकट्याने खबरदारी घेऊन भागत नाही. वाडीने मिळून घ्यावी लागते.

गुरुजी, होळीपूर्वी एकदा मुलांना घेऊन वाडीत फिरा. कोणाची गवताची गंजी घराला खेटून आहे, तेवढे मोजा. धडा तिथूनच सुरू होतो.