पिल्लाचं पाऊल आधी उलटून पाहा

उरणच्या द्रोणागिरीत टॉवर उभे राहिले, तरी बोकडविरा, फुंडे, डोंगरी, पाणजे या गावांत पडवीच्या कडेला खुराडं अजून दिसतं. खुडूक कोंबडीखालून एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत त्यातलं एखादं लंगडू लागतं. “कुणाचा तरी पाय पडला असेल,” असं म्हणून आपण सोडून देतो. तसं होतंही कधीकधी. पण कोवळ्या पिल्लाच्या पायाचं दुखणं बहुतेकदा पायाखालची जागा, रोजचं खाणं किंवा एखादा रोग यांतून येतं, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या काही दिवसांत हाडं मऊ असतात, तेवढ्या काळात वाकडं पाऊल सरळ होऊ शकतं. म्हणून वाट पाहू नये.

पिल्लू ओंजळीत अलगद धरून पाऊल उलटं करा. तीन बोटं पुढे, एक मागे. तळव्यावर जखम, सूज किंवा काळी खपली आहे का? बोट सरळ केलं तर सरळ राहतं, की सोडताच आत मुडपतं? आपण ज्याला कोंबडीचा गुडघा म्हणतो तो सांधा खरं तर घोटा आहे; गुडघा वर पिसांत लपलेला असतो. तो घोटाही चाचपून बघा.

पुष्कळदा सापडते ती फक्त वाळलेली विष्ठा. ती बोटांवर चिकटून टणक गोळी होते, बोट आवळलं जातं. ओढून काढू नका, तिच्याबरोबर नख उपटून येतं. कोमट पाण्यात पाऊल भिजवून गोळी हळूहळू विरघळू द्या आणि पिल्लू कोरडं करून उबेत ठेवा. करंजासारख्या कोळीवस्तीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. जाळी दुरुस्त करताना पडलेले नायलॉनचे धागे पिल्लांच्या बोटांत गुरफटतात. धागा रुतला की रक्त पोचत नाही आणि बोट काळं पडून गळतं. बारीक कात्रीने धागा वेळेत कापला तर बोट वाचतं. अंगणातले धागे रोज वेचणं हाच यावर खरा इलाज.

फ्लॅटच्या गॅलरीत पिल्लं वाढवणाऱ्यांना वेगळाच त्रास दिसतो. लादीवर वर्तमानपत्र अंथरलं की पाय घसरतात, दोन बाजूंना फाकतात आणि पिल्लाला उभं राहता येत नाही. कागद काढून गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला. चिकटपट्टीची अरुंद पट्टी घेऊन दोन्ही नडग्या एकमेकींशी जोडा. मधलं अंतर नेहमी उभं राहताना असतं तेवढंच ठेवा, आवळू नका. पट्टी रोज तपासा. लवकर बांधली तर बहुतेक पिल्लं काही दिवसांत पाय सावरतात.

आता खाण्याकडे येऊ. आपल्याकडे पिल्लांना पहिल्यापासून तांदळाची कणी टाकायची सवय आहे. पोट भरतं, पण कणीत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, फार थोडं असतं. ते कमी पडलं की पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसांवरचं आवरण खराब होतं. बोटं मुठीसारखी आत वळतात आणि पिल्लू घोट्यांवर बसून सरकत चालतं. भूक मात्र शाबूत असते. हे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतं. कोंबड्यांसाठी मिळणारं बी-कॉम्प्लेक्सचं द्रव औषध बाटलीवरच्या प्रमाणात पाण्यात द्या आणि कणीऐवजी चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, सुरू करा. जोडीला चिमूटभर उकडलेली कलेजी, बारीक चिरलेला पाला. सुरुवातीलाच दिलं तर बोटं उघडतात. नस कायमची बिघडल्यावर औषधाचा उपयोग होत नाही. बी-2 उजेडाने नासतं, म्हणून खाद्याची पिशवी उन्हात उघडी ठेवू नये.

आत न वळता एका बाजूला वाकलेली बोटं निराळी. ती आनुवंशिक असतात किंवा उबवणीतल्या कमी-जास्त तापमानाने होतात. पिल्लू नीट चालत असेल तर जन्मभर त्याला त्याचा त्रास होत नाही. पिल्लू दोन-चार दिवसांचंच असेल तर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा पावलाएवढा कापा, बोटं पसरून त्यावर ठेवा आणि कागदी चिकटपट्टीने बांधा. हा जोडा रोज बदलायचा. मुडपलेल्या बोटांनाही औषधाबरोबर त्याचा आधार होतो.

इथली जमीन मिठागरांची आणि खाडीची, सखल. जून ते सप्टेंबर खुराड्याची ओल हटत नाही. त्यात पिल्लांना खारवलेली सुकट मिळाली की ती जास्त पाणी पितात, विष्ठा पातळ होते, तूस भिजतं आणि तळवे सोलवटतात. म्हणून सुकट धुऊन, अगदी थोडी द्यावी. तुसाचा जाड थर रोज खालीवर करावा, भिजलेला भाग काढून टाकावा. पुढे पिल्लं मोठी होऊन उंचावरून उड्या मारू लागली की याच सोललेल्या जागेतून जंतू शिरतात आणि तळव्यावर काळ्या खपलीची गाठ होते. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. म्हणून गाठ पिळून काही निघत नाही, उलट जखम खोल जाते. पाऊल कोमट पाण्याने धुऊन, बीटाडीन लावून, पट्टी बांधा. गाठ टणक असेल तर ती पशुवैद्यानेच कापावी. हे जंतू माणसालाही लागतात, हातमोजे घाला. नडगीवरचे खवले उचलले गेले असतील तर आत बारीक किडे आहेत. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळत राहिलं की ते गुदमरून मरतात. रॉकेल लावायची जुनी रीत सोडावी, कातडी भाजते.

जखमी पिल्लू वेगळं ठेवा, कारण लाल दिसेल तिथे बाकीची टोचतात. पण एकटं नको, सोबत एखादं शांत पिल्लू असू द्या.

काही दुखणी घरात बरी होत नाहीत. घोटा सुजून पाय बाहेर वळला असेल तर मागची शीर जागेवरून सरकलेली असते. त्याच दिवशी दवाखाना गाठला तर थोडी आशा. सहा आठवड्यांनंतर एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेल्या तलंगेला मरेक्स हा रोग झालेला असू शकतो. त्यावर औषध नाही. लस हॅचरीत पहिल्याच दिवशी द्यावी लागते, म्हणून पिल्लं घेताना ती दिली आहे का ते विचारून घ्या.

जानेवारी 2025मध्ये आपल्या उरण तालुक्यातल्याच चिरनेरला बर्ड फ्लू आढळला होता. कोंबड्या पटापट मरू लागल्या आणि नडग्यांवर लाल-जांभळे डाग दिसले, तर त्यांना हात लावू नका, मेलेल्या खाडीत टाकू नका. पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर लगेच कळवा आणि पथक येईपर्यंत मुलांना खुराड्यापासून लांब ठेवा.