एका काचेत दोन घरे

गोरेगावच्या आरे कॉलनीत तुम्ही कधी गेला आहात का? 1949 साली ही दूध वसाहत स्थापन झाली. तेथील म्हशींच्या गोठ्यांच्या विभागांना युनिट म्हणतात. प्रत्येक युनिटला क्रमांक असतो. क्रमांक ठाऊक नसेल, तर एवढ्या झाडीत पाहुण्याला ठिकाण सापडणे कठीण! जुन्या अॅम्प्लिफायरच्या आतही अशीच क्रमांकांची एक वस्ती असते. तिचा नकाशा कसा वाचावा, ते आज आपण पाहू.

ट्रान्झिस्टर येण्यापूर्वी आवाज मोठा करण्याचे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत. व्हॉल्व्हमधील हवा काढून टाकलेली असते, म्हणून त्याला निर्वात नळी असेही म्हणतात. आपल्या देशात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यातही व्हॉल्व्ह तयार होत असत.

व्हॉल्व्हमधील हीटर कॅथोडला तापवतो. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात व प्लेटकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. तिला ग्रिड म्हणतात. 1906 साली अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी ही जाळी बसवली. जाळीवरील विद्युतदाब थोडा बदलला, की प्लेटकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. कॅथोड, ग्रिड आणि प्लेट मिळून ट्रायोड होतो.

आता ईसीसी 83 हा व्हॉल्व्ह घ्या. याच्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. आकृतीत मात्र ते एकमेकांपासून दूर काढलेले असतात. एकाजवळ ‘व्ही 1 ए’ लिहितात, दुसऱ्याजवळ ‘व्ही 1 बी’. नवशिक्याला वाटते, हे दोन व्हॉल्व्ह आहेत. पण दोन्हीकडे अंक 1 आहे, म्हणजे काच एकच. ए आणि बी ही तिच्यातील दोन घरे. असे का? कारण आकृती कामाच्या क्रमाने काढतात, जागेच्या क्रमाने नाही.

मग खरी जागा कशी ओळखावी? पिनच्या क्रमांकावरून. या व्हॉल्व्हला नऊ पिना असतात. एका ट्रायोडची प्लेट 1, ग्रिड 2 आणि कॅथोड 3 या पिनांवर असते. दुसऱ्याची अनुक्रमे 6, 7 आणि 8 वर. उरलेल्या 4, 5 आणि 9 या पिना हीटरच्या.

पिना नेहमी खालच्या बाजूने पाहून मोजतात. दोन पिनांमध्ये एके ठिकाणी रुंद फट दिसते. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 1 ते 9 मोजावे. वरून पाहून तसेच मोजले, तर 1 च्या जागी 9 येईल. मग प्लेटची तार हीटरला लागेल. प्लेटवर दोनशेहून अधिक व्होल्ट असू शकतात. एवढ्या चुकीने सारी मेहनत वाया जाईल.

एक गोष्ट कधीही विसरू नका. बटण बंद केले, तरी आतील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो. म्हणून जाणकार माणसाशिवाय अॅम्प्लिफायर उघडू नका.

तुम्ही कागदावर मात्र जरूर सराव करा. गोलात नऊ ठिपके काढा, एके ठिकाणी फट ठेवा आणि क्रमांक घाला. मग कागद उलटा करून उजेडासमोर धरा. क्रमांक कोणत्या दिशेने जाताना दिसतात? आपण कोठून पाहतो, हे आधी ठरवावे. मोजणी नंतर करावी.