आकाशचिन्हें आणि गृहस्थधर्म

‘फलक’ या शब्दाचे संस्कृतांत दोन अर्थ प्रसिद्ध आहेत. एक लांकडाची फळी आणि दुसरा योद्ध्याच्या हातांतील ढाल. ढालीचें काम रक्षणाचें. आपल्या शहरांत रस्त्यांच्या कडेनें, पुलांच्या तोंडाशीं आणि इमारतींच्या गच्च्यांवर जाहिरातींचे जे फलक उभे आहेत, त्यांना पहिला अर्थ कसाबसा लागू पडतो. दुसरा लावूं गेल्यास अंगावर कांटा उभा राहतो. कारण गेल्या कांहीं वर्षांत या फलकांनीं माणसें मारलीं आहेत, आणि तींही नित्याच्या कामाकरितां घराबाहेर पडलेलीं, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत असलेलीं माणसें.

ता. १३ मे २०२४ रोजीं मुंबईस धुळीचें वादळ सुटलें. घाटकोपर येथें पूर्व द्रुतगती महामार्गालगत एका पेट्रोल पंपाशेजारीं उभा असलेला एक प्रचंड फलक त्या वादळांत कोसळला. खालीं पंपावर वाहनें उभीं होतीं आणि त्यांत व आसपास माणसें होतीं. सतरा जणांचा प्राण गेला, सत्तरांहून अधिक जखमी झाले. फलक सुमारें १२० फूट लांब आणि तितकाच उंच; महानगरपालिकेची मर्यादा लांबींत ४० फूट व उंचींत ४० फूट. त्याच्या या आकाराची नोंद एका विक्रमांच्या पुस्तकांत झालेली होती! ज्या गोष्टीबद्दल नोटीस जावयाची, तिच्याबद्दल प्रशस्ति मिळावी, हा आपल्या काळाचा एक मासला समजावा.

असें संकट प्रथमच आलें असेंही नव्हे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजीं पुण्यांत जुन्या बाजाराजवळ, शाहीर अमर शेख चौकांत, रेल्वेच्या जागेवरील एका फलकाचा लोखंडी सांगाडा उतरविण्याचें काम चालू असतां तो वाहत्या रस्त्यावर पडला आणि चार माणसें मेलीं. १७ एप्रिल २०२३ रोजीं पिंपरी-चिंचवडच्या हद्दींत किवळे येथें वादळी पावसांत आडोशाला थांबलेले पांच जण फलकाखालीं सांपडून गेले. तो फलक अनधिकृत होता. प्रत्येक प्रसंगानंतर चौकशी होते, पाडापाडी होते आणि नियम सुधारण्याची घोषणा होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. परंतु विहीर खणावयाचीच तर ती पाणी लागेल अशा ठिकाणीं तरी खणावी. फलकांचे नियम सुधारावयाचे ते कोणत्या तत्त्वावर, एवढाच प्रश्न आम्हीं येथें विचाराकरितां घेतला आहे.

कायदा मुळीं नव्हताच, अशी स्थिति नाहीं. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्याच्या ३२८ व्या कलमांत ‘आकाशचिन्ह’ या संज्ञेची व्याख्या आहे. इमारतीवर किंवा बांधकामावर खांब, चौकट वगैरेंच्या आधारानें उभारलेली, आणि रस्त्यांतून पाहिली असतां आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जी जाहिरात, तें आकाशचिन्ह. जाहिरातीसाठीं उडविलेला फुगा आणि हवाई छत्रीसुद्धां या व्याख्येंतून सुटलेली नाहीं. लंडन शहरांतही असल्या चिन्हांना आवर घालण्याकरितां १८९१ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला होता. पुण्याच्या महापालिकेंत ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ नांवाचें खातें आहे. नांव इतकें सुंदर कीं, नवख्या मनुष्यास तें ज्योतिषाचें खातें वाटावें!

मुंबईबाहेरील महापालिकांना १९४९ चा अधिनियम लागू आहे. त्याखालीं आकाशचिन्हें व जाहिराती यांचे नियम २००३ सालीं झाले आणि २०२२ सालीं ते नव्यानें करण्यांत आले. मालमत्तेचें विद्रूपीकरण रोखण्याचा महाराष्ट्राचा अधिनियम १९९५ चा. ३१ जानेवारी २०१७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निर्देश दिले. एवढी सामग्री हाताशीं असतां घाटकोपरचा फलक उभा राहिला आणि पडला. तेव्हां नियमांची संख्या वाढविण्यापूर्वीं त्यांचें स्वरूप तपासलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

फलकासंबंधींचे नियम दोन जातींचे असतात. एक अक्षरांचे आणि दुसरे अंगाचे. फलकावर काय लिहावें, कोणत्या लिपींत लिहावें, हे अक्षरांचे नियम. तो किती मोठा असावा, कशावर उभा राहावा, कोणीं तपासावा, हे अंगाचे नियम. अक्षरांच्या नियमांकडे समाजाचें लक्ष पटकन् जातें. दुकानांच्या पाट्या देवनागरींत व मराठींत असाव्यात याकरितां २०२२ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजीं न्यायालयानें दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पुष्कळ पाट्या बदलल्या. आम्हीं सारा जन्म मुलांना संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत घालविला, तेव्हां या गोष्टीचा आनंद आम्हांस किती झाला हें निराळें सांगावयास नको. पण वाऱ्याला वाचतां येत नाहीं. फलकावरील मजकूर शुद्ध मराठी आहे कीं अशुद्ध, तो साबणाचा आहे कीं सत्काराचा, याची वाऱ्याला दरकार नाहीं. त्याचा हिशेब केवळ क्षेत्रफळाशीं आणि उंचीशीं.

तो हिशेब इंग्रजी सातवींतल्या मुलालाही समजेल असा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो. इमारती व उभे सांगाडे यांच्याकरितां जें भारतीय मानक आहे, त्यांत मुंबईसाठीं वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १५८ किलोमीटर, धरलेला आहे. पुण्यासाठीं तो सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १४० किलोमीटर. मुंबईच्या वेगानें स्थूलमानानें पाहतां दर चौरस मीटरवर ११८ किलोग्रॅम भार येतो. चाळीस फुटी चौरस फलकाचें क्षेत्रफळ १,६०० चौरस फूट, म्हणजे सुमारें १४९ चौरस मीटर. त्यावर साडेसतरा टनांचा रेटा बसेल. एकशेंवीस फुटी फलकाचें क्षेत्रफळ १४,४०० चौरस फूट. त्यावरचा रेटा सुमारें १५८ टन. बाजू तिप्पट केली तर रेटा नऊपट झाला. शिवाय, फलक जमिनीपासूनच सुरू होतो असें धरलें, तर त्या रेट्याचा मध्य तिप्पट उंचीवर जातो, म्हणून पायाला उखडून काढणारी शक्ति सत्तावीसपट होते. पाया मात्र सत्तावीसपट भक्कम करण्याची बुद्धि क्वचितच कोणास होते. कारण पाया जमिनीखालीं असतो, आणि जाहिरातीचें भाडें जमिनीवर दिसणाऱ्या भागाचें मिळतें.

आतां जागेचा प्रश्न. घाटकोपरची जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यांतली. रेल्वे पोलीस हें राज्य सरकारचेंच दल आहे. फलकाला परवानगी पोलिसांकडून मिळाली होती. महापालिकेचें म्हणणें, आमची परवानगी नव्हती. रेल्वेच्या १९८९ च्या अधिनियमांत १८५ वें कलम आहे. केंद्र सरकारनें तशी अधिसूचना काढल्याखेरीज रेल्वेवरील जाहिरातींबद्दल स्थानिक संस्थेचा कर रेल्वे प्रशासनाला लागत नाहीं, असा त्याचा आशय. ही सवलत कराची आहे. तिचा अर्थ ताणून सुरक्षिततेच्या तपासणींतूनही मोकळीक आहे असें कोणी म्हणूं लागल्यास तो तर्क न्यायशास्त्रांत टिकणार नाहीं आणि पदार्थविज्ञानांत तर नाहींच. जमीन कोणाचीही असो. पडणारा फलक सातबारा पाहून पडत नाहीं. त्याची मुळें एका खात्याच्या जमिनींत आणि सावली दुसऱ्या खात्याच्या रस्त्यावर, अशी स्थिति असली म्हणजे तपासणारा कोणीच उरत नाहीं.

म्हणून आमच्या मतें नियमाचें मूलतत्त्व एकच असावें: फलक कोणाच्या जागेवर उभा आहे हें न पाहतां, तो पडल्यास कोणावर पडेल, हें पाहावें. हें तत्त्व एकदां मान्य केलें कीं बाकीचे नियम त्यांतून आपोआप निघतात. पहिलें, शहराच्या हद्दींतील प्रत्येक फलक, मग ती जागा रेल्वेची, पोलिसांची, बंदराची वा खाजगी असो, एकाच अधिकाऱ्याच्या तपासणीखालीं यावा, आणि त्या अधिकाऱ्याचें नांव लोकांना ठाऊक असावें. दुसरें, परवानगीचा क्रमांक, मंजूर लांबीउंची, सांगाडा तपासणाऱ्या अभियंत्याचें नांव आणि प्रमाणपत्राची मुदत हीं रस्त्यांतून वाचतां येतील अशा अक्षरांत त्याच फलकावर लिहिलेलीं असावीं. मुंबईच्या खाऱ्या हवेंत लोखंड गंजावयास वेळ लागत नाहीं. कागदांतलें प्रमाणपत्र मात्र गंजत नाहीं, हीच भीति आहे. तिसरें, पेट्रोल पंप, शाळा, बसचा थांबा अशा जेथें माणसें उभीं राहतात त्या जागांपासून फलकाचें अंतर निदान त्याच्या उंचीइतकें असावें. चौथें, उतरविण्याच्या खर्चाची अनामत आधींच घ्यावी, आणि उतरविण्याचें काम रस्ता बंद करून जाणत्या माणसांच्या देखरेखीखालींच व्हावें. पुण्याचे चार बळी फलक उभा असतांना नव्हे, उतरतांना गेले, हें विसरूं नये. २०२४ च्या ऑगस्टांत मुंबई महापालिकेनें बाह्य जाहिरातींच्या नव्या धोरणाचा मसुदा लोकांपुढें ठेवला होता. असले मसुदे वाचतांना वरील चार कसोट्या वाचकांनीं लावून पाहाव्या.

येथवर सरकारचा विचार झाला. आतां आपल्या घराकडे वळूं. गच्चीवर फलक उभारूं द्यावा, त्याच्या भाड्यांतून इमारतीची रंगरंगोटी होईल, असा ठराव गृहसंस्थेच्या सभेंत येतो. हिशेबाला हुशार अशीं आपलीं घरें त्या ठरावाला हात वर करतात. त्या सभेंत एक तरी आजोबा असा निघावा, कीं जो विचारील, “या सांगाड्याचा भार गच्ची सोसेल असें लिहून कोणीं दिलें आहे? तो कागद दाखवा.” भाडें दरमहा येतें आणि संकट एकदांच येतें, पण त्या एका वेळीं सारें भाडें पुरत नाहीं.

दुसरी गोष्ट अभिनंदनाच्या फलकांची. दोन वर्षांपूर्वीं आमचा नातू बारावींत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. संध्याकाळीं आळींतल्या मंडळाचीं मुलें हंसतमुखानें आलीं. “आजोबा, याचा एक चांगलासा फोटो द्या. चौकांत फलक लावतों.” आम्हीं विचारलें, “बाळांनो, परवानगी घेतलीत काय?” तीं एकमेकांकडे पाहूं लागलीं. “दोन दिवसांकरितां कसली परवानगी, आजोबा? विजेच्या खांबालाच तर बांधायचा.” आम्हीं त्यांना आंत बसविलें, सूनबाईंनीं पेढे दिले, आणि आम्ही म्हणालों, “तुमचें प्रेम या पेढ्यांत पोहोंचलें. फलकाचे पैसे शाळेच्या वाचनालयाला द्या, पावती नातवाच्या नांवें फाडा.” मुलें गुणी होतीं; त्यांनीं तसेंच केलें. नातू थोडा हिरमुसला, हें खरें. पण ज्या खांबाखालून रोज त्याची आजी भाजी घेऊन येते, त्या खांबाला त्याची कीर्ति सुतळीनें लटकत राहावी, ही कल्पना त्यालाही मग रुचली नाहीं.

सर्वच फलक नाहींसे करावे असें आमचें म्हणणें नाहीं. तसें करणारीं शहरें आहेत. आपल्याच देशांत चंदीगडला १९५४ पासून जाहिरात-नियंत्रणाचा हुकूम लागू आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरानें १ जानेवारी २००७ पासून रस्त्यांवरील मोठ्या जाहिराती बंद केल्या, आणि त्यामुळें तेथील व्यापार बुडाला नाहीं. परंतु दुकानदारास आपला माल सांगण्याचा अधिकार आहे, आणि महापालिकेस त्यांतून उत्पन्नही मिळतें. आमचें मागणें याहून पुष्कळ लहान आहे. तो अधिकार वाटसरूच्या डोक्यावर उभा राहून बजावला जाऊं नये.

शेवटीं एक विनंति. कोणताही नवा नियम पक्का होण्यापूर्वीं त्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती व सूचना मागविल्या जातात. वर्तमानपत्राच्या आंतल्या पानांत, बारीक टाइपांत, ती सूचना असते. आणि बहुधा तिला उत्तर देणारे लोक जाहिरातींच्या धंद्यांतलेच असतात, कारण त्यांचें नुकसान त्यांना दिसत असतें. गृहस्थाचें नुकसान त्याला दिसत नाहीं, तें एके दिवशीं अंगावर येतें. एकत्र कुटुंबांत आमच्यासारखा एखादा सेवानिवृत्त मनुष्य असतो, त्याला वेळ असतो आणि लिहितांही येतें. त्यानें तो मसुदा मिळवावा, नातवंडांकडून संगणकावर वाचून घ्यावा, आणि मुदतींत एक सहीचें पत्र धाडावें. आपल्या रस्त्यावरील मोठे फलक मोजून त्यांची यादी सोबत जोडली तर फारच उत्तम. पावसाळा लागण्यापूर्वीं एवढें काम प्रत्येक घरानें केलें, तर पुढच्या वादळांत कोणाच्या तरी घरचें माणूस संध्याकाळीं सुखरूप परत येईल.