दशांश चिन्हावर कॅमेऱ्याची नजर

औषधाच्या लेबलवर ‘२.५ मिलिग्रॅम’ छापायचे असताना मधला बिंदू उमटला नाही, तर वाचणाऱ्यासाठी ते ‘२५ मिलिग्रॅम’ होते. मात्रा एकदम दहापट! सहा पॉइंटच्या अक्षरांत हा बिंदू जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो. प्लेटवर बसलेला धुळीचा कण किंवा कमी पडलेली शाई त्याला सहज गिळून टाकते. मिनिटाला शंभर मीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या रिळावर ही चूक मानवी डोळ्याला दिसणे अशक्यच. त्यामुळे लेबलांच्या छपाईत तपासणीचे काम कॅमेऱ्यांकडे सोपविले जाते.

यासाठीचा ‘लाइन स्कॅन’ कॅमेरा नेहमीसारखे चौकोनी छायाचित्र घेत नाही. धावत्या कागदाची तो एका वेळी एकच आडवी रेघ टिपतो आणि संगणक या रेघा एकाखाली एक जोडून चित्र उभे करतो. कागदाचा वेग सेकंदाला दोन मीटर आणि चित्रातील प्रत्येक ठिपका ०.१ मिलिमीटरचा धरला, तर सेकंदाला २० हजार रेघा टिपाव्या लागतात. एवढे करूनही तो दशांश बिंदू दोन-अडीच ठिपक्यांतच मावतो.

हे चित्र मंजूर नमुन्याशी ठिपक्यागणिक ताडून पाहिले जाते. खरी अडचण येथेच आहे. कागद यंत्रात किंचित ताणला जातो, डावी-उजवीकडे सरकतो. चकचकीत फॉइल तर प्रकाशच परत फेकते. म्हणून आधी चित्र नमुन्यावर नेमके बसवून घ्यावे लागते. निकष फार कडक ठेवले, तर चांगली लेबलेही बाद ठरतात. खोटी घंटा वारंवार वाजू लागली की कामगार तिच्याकडे लक्ष देईनासा होतो, आणि हा धोका चूक निसटण्याइतकाच मोठा आहे. यावर उपाय म्हणून आकडे व मजकुरासाठी कडक, तर रंगीत पार्श्वभूमीसाठी सैल निकष लावतात.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो नुसता दिसून भागत नाही. वाचताही आला पाहिजे. त्यामुळे ही तपासणीही कॅमेऱ्याच्या कामात आली.

दोष सापडल्यावर यंत्र दर वेळी थांबवत नाहीत. रिळावरील जागेची नोंद होते आणि रीळ पुन्हा गुंडाळताना नेमके तेच लेबल काढून टाकले जाते. मात्र मंजूर नमुन्यातच अनुस्वार चुकला असेल, तर कॅमेरा तो लाखभर लेबलांवर बिनतक्रार मान्य करतो. नमुना मंजूर होण्यापूर्वी मुद्रितशोधकालाच तो ओळ न् ओळ वाचावा लागतो.