कायद्याचा माणूस की हिशेबाचा? राष्ट्रपतिपदाच्या दोन जुन्या निवडणुका

राष्ट्रपती निवडताना भंडारा जिल्ह्यातल्या मतदाराच्या वतीने तुमसर, भंडारा आणि साकोलीचे तीन आमदार आणि भंडारा-गोंदियाचा खासदार मत देतात. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतल्या राज्याच्या लोकसंख्येला २८८ आमदारांनी आणि पुन्हा हजाराने भागून ते काढलेले आहे, म्हणजे जिल्ह्याच्या तिन्ही आमदारांची मिळून ५२५ मते होतात. खासदाराच्या मताचे मूल्य २०२२ मध्ये ७०० होते. मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हीप चालत नाही. त्यामुळे कोणत्या प्रकारचा माणूस त्या पदावर हवा, हा प्रश्न प्रत्येक आमदार-खासदाराला निदान कागदावर तरी मोकळेपणाने सोडवता येतो.

सरकारचा हात जितका आखडता तितके नागरिकाचे भले, असे मानणारा स्वातंत्र्यवादी निवडावा, की कोणत्याही टोकाला न जाता कारभार नेटका चालवणारा तज्ज्ञ प्रशासक? १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने दोन वर्षांच्या अंतराने या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. दुसऱ्या उत्तराचे नाव मराठी होते.

१९६७ साली या पक्षासह बहुतेक विरोधकांनी कोका सुब्बाराव यांना उभे केले. ते देशाचे सरन्यायाधीश होते आणि निवडणुकीसाठी त्यांनी पदाचा राजीनामा दिला. पोलिसांनी संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन पाळत ठेवण्याविरुद्धच्या खडकसिंग खटल्यात, १९६२ मध्ये, खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असे त्यांनी अल्पमताच्या निकालात लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मत २०१७ मध्ये उचलून धरले. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात, मालमत्तेच्या हक्कासह कोणताही मूलभूत हक्क संसदेला कमी करता येणार नाही, असा सहा विरुद्ध पाच असा निकाल त्यांच्या नेतृत्वाखालील पीठाने दिला. भारतीय राजकारणात स्वातंत्र्यवादी म्हणावा असा इतका ठोस उमेदवार त्या पदासाठी क्वचितच उभा राहिला असेल. झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ आणि सुब्बाराव यांना ३,६३,९७१ मूल्याची मते पडली.

३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले. या वेळी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने चिंतामणराव देशमुखांना पुढे केले. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख आयसीएस होऊन १९२० पासून मध्य प्रांतात नोकरीला होते. भंडारा हा त्याच प्रांताचा जिल्हा. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेले आणि १९५० मध्ये नेहरूंचे अर्थमंत्री झाले. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक त्यांच्याच काळात झाली आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरणही त्यांनीच केले. खुल्या बाजाराचा आग्रह धरणाऱ्या पक्षाला असा उमेदवार का चालावा?

उत्तर बहुधा १९५६ मध्ये सापडते. मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, असा आक्षेप घेऊन देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्याच वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. देशमुखांची आर्थिक धोरणे स्वतंत्र पक्षाच्या धोरणांपासून कितीही दूर असली, तरी पद्धत मोडली गेली तर खुर्ची सोडणारा माणूस म्हणून त्यांची खात्री पटलेली होती. राष्ट्रपतिपदाला हाच गुण सर्वांत जास्त लागतो. त्यामुळे ही निवड तत्त्वाशी तडजोड करणारी वाटत नाही.

१९६९ ची निवडणूक मात्र देशमुखांभोवती फिरली नाही. १९ जुलैला कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली, दुसऱ्या दिवशी पद सोडले आणि अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, पण इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत द्या असे आवाहन केले. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी स्वतंत्र आणि जनसंघाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितली.

या निवडणुकीत मतदार उमेदवारांपुढे पसंतीचा क्रम लिहितो. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून अधिक मूल्य मिळाले नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. गिरींना पहिल्या फेरीत ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते होती. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. बाकीचे उमेदवार बाद झाल्यावर रेड्डींच्या खात्यात जवळपास ९२ हजारांची भर पडली आणि गिरींच्या खात्यात साडेअठरा हजारांची. तेवढी गिरींना पुरली. ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतांनी ते निवडून आले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीने निकाल लागण्याची ही एकमेव वेळ.

भंडाऱ्याच्या मतदारांनी यापूर्वी कायदा आणि हिशेब जाणणाऱ्या माणसांना थेट पारखले होते. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत या द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. ते १९६३ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राखीव जागेवर मात्र रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे अर्थतज्ज्ञ आणि घटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. जिल्ह्याच्या इतिहासातली ही खंत आजही बोलून दाखवली जाते.

पुन्हा राष्ट्रपतिपदाकडे वळायचे तर, बँका, कर, जमीन यांबद्दल राष्ट्रपतीचे मत काय आहे याने फारसे बिघडत नाही, कारण धोरण मंत्रिमंडळ ठरवते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला तर तो पाळावा लागतो. विधेयकही कलम १११ खाली एकदा परत पाठवता येते. म्हणजे उमेदवार काय करून दाखवेल यापेक्षा तो कुठे थांबवेल हे पाहणे जास्त उपयोगाचे. १९७५ मध्ये फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर रातोरात सही केली. २००२ मध्ये निवडून आलेले शास्त्रज्ञ अब्दुल कलाम यांनी २००५ मध्ये बिहार विधानसभेच्या विसर्जनाला मॉस्कोहून संमती दिली, आणि २००६ मध्ये लाभाच्या पदांबाबतचे विधेयक संसदेकडे परत पाठवले.