बांधातील केसाळ कोळी

पावसाळ्याच्या तोंडी बांधाच्या कडेने तळहाताएवढा केसाळ कोळी चालताना दिसला की पायातील वहाण उगारली जाते. हा प्राणी कोण व त्याचे भय कितपत बाळगावे, हे जाणून घेणे इष्ट होय.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या अशा भूचर कोळ्यांपैकी एकाचे शास्त्रीय नाव चिलोब्रॅकिस फिंब्रिएटस असे आहे. पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मातीच्या दरडीत, बांधात वा दगडाखाली हा कोळी बीळ करतो. बिळास आतून रेशमाचे अस्तर असते व तोंडाशी तेच रेशीम चादरीसारखे पसरलेले असते. उंदराच्या वा खेकड्याच्या बिळापासून ते याच खुणेने वेगळे ओळखावे. बालाघाटाच्या उतारांवर, येडशी-तुळजापूर भागात, असे बांध व दरडी पुष्कळ आहेत.

त्याच्या पाठीवर सोनेरी झाक असून पोटावर वाघासारखे काळपट पट्टे असतात. स्वभाव तापट खरा. तथापि आपण होऊन तो माणसाच्या अंगावर येत नाही. बिळात पळणे न साधल्यास पुढचे पाय उंचावून तो सुळे दाखवितो आणि जबड्याजवळील राठ केस घासून फुसकारल्यासारखा आवाज काढतो. शिंगे रोखलेल्या बैलापुढून आपण बाजूस होतो, तसेच येथेही व्हावे. भटकताना दिसतो तो बहुधा मादीच्या शोधात निघालेला नर असतो. मादी बीळ सहसा सोडीत नाही व अनेक वर्षे जगते. रातकिडे, झुरळे, भुंगेरे हे त्यांचे भक्ष्य. त्यामुळे पीक वाचते असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल.

दंशाने तीव्र वेदना व सूज येते, स्नायूंत पेटकेही येतात. २०१२ साली आसामातील सदिया येथे कोळ्याच्या दंशाने माणसे दगावल्याचा मोठा गवगवा झाला. त्या रुग्णांच्या जखमा मांत्रिकांनी आधीच पात्याने कापल्या होत्या. मृत्यू विषाने झाले की त्या जखमांमुळे, हे ठरविता आले नाही.

खरा धोका निराळाच आहे. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, पुष्कळदा दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही. लाल विंचवाचे विष लहान मुलांच्या हृदयावर आघात करते. अशा वेळी “कोळी चावला असेल” म्हणून सकाळपर्यंत थांबणे प्राणावर बेतते. चावणारा प्राणी दिसला नसेल तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ग्रामसेवकांनी व कृषी कार्यकर्त्यांनी हे बैठकीत आवर्जून सांगावे. बांध साफ करताना दगड हाताने न उचलता पहारीने उलथावा.